ए तेर्मिनादो

वाडी, नागपूर
१२ जून २०२५

रोशनी,

फोन तू ब्लॉक केला, म्हणून पोस्टानं लिहून राहिली. पत्ता संघपालनं देला. तुहा मामेभाऊ आहे, त्याच्यावर रागावू नको. माह्या भावाचा पोरगा असूनही त्यानं दोन महिने तोंड उघडलं नाही. मी रोज त्याच्या गोदामावर जाऊन बसत होती तेव्हा कुठं कागदावर पत्ता लिहून देला.

तुहा निरोपही पोचला. त्यानं जसाच्या तसा वाचून दाखवला. आल्बाशी बोलायचं तर तिच्या भाषेत बोल, मी मधे बसून सांगणार नाही. आणि अभ्यास झाला का, हे तिला कधीही विचारायचं नाही. सहा वर्षांनी पोरीनं निरोप धाडला आणि त्यात दोन अटी. मी संघपालले म्हटलं, आता नातीशी बोलाले पासपोर्ट लागते का? तो हसला, मले हसू आलं नाही.

तिले मराठी काहून नाही शिकवली, हे विचारायचा मले हक्क आहे. संघपाल म्हणे, आत्या, रोशनीताई म्हणते की मराठी बोलली की तिले तुह्या आवाजाची आठवण येते, म्हणून घरात बोलतच नाही. हे ऐकून मी दोन दिवस जेवली, पण जेवली का नाही ते समजलं नाही. आहे माहा आवाज मोठा. धंतोलीच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं आया होती. तिथं हळू बोललं तर वॉर्डबॉय स्टूल पण सरकवून देत नाही.

पण अट घालाच्या आधी माणूस पाहत जाय. मी धरमपेठेत स्पॅनिशच्या क्लासात नाव टाकलं. टेबलावरची बाई म्हणे, "काकू, नातवाचं नाव सांगा." म्हटलं, नातवाचं नाही, माहं लिहा. जया देवाजी गोंडाणे, वय अठ्ठावन्न, शिक्षण नववी. तिनं पेन खाली ठेवला आणि माह्याकडं पाहिलं. मी म्हटलं, पाहता काय, लिहा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्लास आहे. वाडीच्या नाक्यावरून बस भेटते. ट्रकांच्या गर्दीत एक तास जाते. निवृत्त झाल्यावर करायचं काय हा प्रश्न होता, तो तू सोडवला.

तुही आई


वाडी, नागपूर
८ जुलै २०२५

रोशनी,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही आलं. नको देऊ. मी लिहीन.

त्यांचा नमस्कार म्हणजे ओला. पहिल्या दिवशी आमची टीचर वेदिका दारातूनच "ओला" म्हणाली, तर मी माहा पदर चाचपून पाहिला. पंचवीस वर्षांची पोरगी आहे ती, आवाज इतका बारीक की मले पहिल्या बाकावर बसा लागते. वर्गात सगळे कॉलेजचे पोरं. मले काकू म्हणतात, आणि होमवर्क माह्याच वहीतून उतरवतात. कारण पूर्ण होमवर्क फक्त काकूचा असते. हे मी तुले मुद्दाम सांगून राहिली.

आता एक गंमत ऐक. पाचवा धडा कशाचा आहे सांगू? अभ्यास झाला का, झाला, अजून नाही झाला, आता होऊन राहिला. पूर्ण धडा त्याचाच. मी वेदिकाले म्हटलं, बेटा, हा सोडून दे, मले याची मनाई आहे. ती म्हणे, काकू, याच्याशिवाय भूतकाळ येणार नाही, आणि भूतकाळाशिवाय पुढं जाता येणार नाही. तर बसली शिकत.

आस तेर्मिनादो लोस देबेरेस? म्हणजे तू अभ्यास संपवला का. उत्तर द्यायचं, या ए तेर्मिनादो. मले वाटलं तेर्मिनादो नावाचा कोणी माणूस आहे आणि ते त्याले "या" म्हणून बोलावून राहिले, मग "ए" म्हणून दटावून राहिले. पूर्ण वर्ग हसला. मग वेदिकानं समजावलं, त्यांचं या म्हणजे झालं सुद्धा, आणि त्यांचं ए म्हणजे मी. मी संपवलं. तू असशीन तर आस, ती असन तर आ, ते असतीन तर आन. एक अक्षर बदललं की माणूस बदलते.

पुस्तकात घरच्या अभ्यासाले तारेआ लिहिलं होतं. मी वेदिकाले सांगतलं की माही नात स्पेनात आहे, वाय्यादोलिदले. तर ती म्हणे, मग तिथं देबेरेस म्हणा, तारेआ तिकडं अमेरिकेच्या बाजूले. देबेरेस म्हणजे कर्तव्यं. मले हा शब्द पटला. शाळेतल्या पोराचं कर्तव्य दुसरं काय असते?

तू म्हणशीन, आली बाई पुन्हा तिथंच. तर ऐकून घे. तुहे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होती. मी ड्युटीवरून येत होती आणि दारातच विचारत होती, अभ्यास झाला का? तुले वाटलं आईले दुसरं काही सुचत नाही. खरंच सुचत नव्हतं. मी नववी शिकलेली. पाचवीनंतर तुह्या गणिताचं पुस्तक मले उलटं धरलं तरी तेवढंच समजत होतं. अभ्यास झाला का, एवढा एकच प्रश्न मले विचारता येत होता, आणि उत्तर खरं आहे का खोटं, हे तुह्या तोंडावरून पाहा लागत होतं.

आणि ते कबड्डीचं पत्र तुले द्यायचं राहून गेलं. राहून गेलं त्याचं माणूस सहा वर्षं धरून बसते का? तेव्हाही तुले हेच सांगतलं होतं, आताही हेच सांगते.

तुही आई


वाडी, नागपूर
१९ ऑगस्ट २०२५

रोशनी,

दोन हप्ते क्लासले गेली नाही. वेदिकाचा फोन आला, मी उचलला नाही. मग तिनं मेसेज टाकला की काकू, तब्येत बरी आहे ना. तब्येत ठीक आहे, डोकं फिरलं आहे.

झालं असं. तिनं वहीत पाच वाक्यं लिहायले देली होती, अभ्यास पूर्ण केल्याबद्दल. मी पाचही लिहून नेली. लोस देबेरेस आन तेर्मिनादो. बरोबर आपल्यासारखं, अभ्यास झाला. मले वाटलं शाबासकी भेटन. तिनं पाचही वाक्यांखाली लाल पेनानं एकच शब्द लिहिला: किएन? म्हणजे कोण. कोणी?

मी म्हटलं, व्याकरण चुकलं का? ती म्हणे, नाही काकू, व्याकरणात बसते, पण याचा अर्थ अभ्यास आपोआप संपला असा होते. अभ्यास आपोआप संपत नाही, कोणीतरी संपवते. मी म्हटलं, आपल्यात असंच म्हणतात. अभ्यास झाला, स्वयंपाक झाला, भांडे झाले. करणारी बाई त्यात दिसत नाही, पण सगळ्याइले माहीत असते की तिनंच केलं. वेदिका हसली. म्हणे, चांगलं काम असलं तर चालते काकू. पण चूक असली की? कप फुटला, दूध उतू गेलं, चावी हरवली. तिथं पण आपण करणारा दाखवत नाही.

पोरगी सहज बोलून गेली. तिले काय माहीत. बाकीचे पोरं पण हसले, एक म्हणे, माहा पेपर राहून गेला, मी नाही ठेवला. मी वही बंद केली आणि बस धरली.

सहा वर्षांपूर्वी तू इथं आली होती. आल्बा एक वर्षाची, माह्या मांडीवर होती, माह्या पदराचं टोक तोंडात घालून राहिली होती. तुले पासपोर्टच्या कामासाठी तुहा जन्मदाखला पाहिजे होता, म्हणून कागदांचा डबा तू काढला. त्यात तुले ते पत्र सापडलं. जिल्ह्याच्या कबड्डी संघात तुही निवड झाल्याचं, राज्य स्पर्धेसाठी, २०११ चं. तू काही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, हे कोणी ठेवलं इथं?" मी म्हटलं, "राहून गेलं असन." तू पुन्हा विचारलं, "कोणी?" मी म्हटलं, "मले काय माहीत, राहिलं." तिसऱ्या दिवशी तू निघून गेली. तुह्या तिकिटाचे अजून पाच दिवस बाकी होते.

आज पुरे. डोकं दुखून राहिलं.

तुही आई


वाडी, नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

रोशनी,

पत्र मी लपवलं.

पोस्टमन दुपारी आला होता. तू कॉलेजात होती, मी घरी. लिफाफ्यावर क्रीडा संघटनेचा शिक्का होता. मी फोडला आणि दोनदा वाचला. सात फेब्रुवारीपासून पंधरा दिवसांचं शिबिर, आणि महिन्याच्या शेवटी तुही बारावीची परीक्षा. मी उभ्या उभ्या ठरवलं. डब्यात सगळ्यात खाली तुह्या बाबाचा मृत्यूचा दाखला होता, त्याच्या खाली ठेवलं. कारण मले माहीत होतं, तू त्या कागदाले हात लावत नव्हती.

पुढं महिनाभर तू रोज फाटकाजवळ उभी राहून पोस्टमनले विचारत होती. मी खिडकीतून पाहत होती. एक दिवस तो तुले म्हणे, "बेटा, तुह्या नावाचं तर मी देऊन गेलो." तू घरात येऊन मले विचारलं, तर मी म्हटलं, तो म्हातारा झाला, दुसऱ्याच घरी टाकलं असन. त्या बिचाऱ्यावर पण ढकललं. तू मग विचारणं सोडलं. तुह्या कबड्डीच्या जोड्याले धूळ बसली तेव्हा मीच तो पुसून माळ्यावर टाकला.

माह्यापाशी कारणं आहेत. दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात मी गुडघे मोडलेल्या दोन खेळाडू पोरी पाहिल्या होत्या. एकीचं शिक्षणही गेलं आणि खेळही गेला. मले वाटलं, आपल्या घरात शिकणारी ही पहिली, हिचं काही चुकलं तर दुसरा डाव नाही. पण कारण म्हणजे माफी नाही. कारणं मी सहा वर्षं स्वतःलेच सांगून पाहिली, त्यानं काही होत नाही.

एक गोष्ट मात्र तू मले सोडाले सांगू नको. तू शिकली, डॉक्टरेट झाली, परमुलखात प्रयोगशाळेत पाच जण तुह्या हाताखाली काम करतात, याचा मले अभिमान आहे आणि तो राहणार. पण त्या पत्राचा त्यात हिस्सा नाही. तू खेळूनही तेवढीच शिकली असती. इथं मी आधी लिहिलं होतं की हे तेव्हा मले माहीत नव्हतं. मग ते खोडलं. माहीत होतं. तू पहाटे मैदानावर जाऊन आल्यावर गणितं सोडवत होती, मी पाहत होती ना.

मी चुकली. मले माफ कर, हे म्हणायची माही जीभ नाही, म्हणून लिहून राहिली. स्पॅनिशमध्ये हे कसं म्हणायचं ते वेदिकाले विचारलं नाही. हे तुले मराठीतच सांगायचं होतं.

ते पत्र सोबत पाठवते. तुह्या नावाचं आहे.

तुही आई


वाडी, नागपूर
३० ऑक्टोबर २०२५

रोशनी,

दीड महिना झाला. पोस्टातला माणूस म्हणे, पोचल्याची सही आहे. म्हणजे तुले भेटलं.

तू उत्तर देशीन म्हणून मी लिहिलं नव्हतं, तरी रोज फाटकाकडं पाहते. आता समजलं मले, उभं राहून पोस्टमनची वाट पाहणं काय असते.

क्लास सुरू आहे. वेदिकाले मी जाऊन सांगतलं, बेटा, तुह्यावर रागावली नव्हती. तिनं चहा मागवला. पहिल्या पातळीची परीक्षा झाली. शंभरपैकी चौऱ्याहत्तर. माह्याहून पुढं फक्त दोन पोरं आहेत, आणि त्यातला एक माहीच वही उतरवते. निकालाच्या कागदावर माहं नाव छापील आहे. नववीनंतर पहिल्यांदा माह्या नावाचा निकाल लागला. तो मी कपाटाच्या दारावर चिकटवला. घरात येईन त्याले दिसलाच पाहिजे. गॅस सिलेंडरवाल्यालेही दाखवला. तो म्हणे, मावशी, परदेशात चालल्या का? म्हटलं, नाही गा, नातीले फोन करायचा आहे.

आज संघपाल आला होता. दारातच म्हणे, आत्या, येत्या नऊ तारखेले, इतवारच्या दिवशी, दुपारी तीन वाजता रोशनीताई फोन लावणार आहे. त्याच्याच फोनवर. आल्बा बोलन म्हणे, ताईचं काही सांगता येत नाही.

बोलू नको तू. पोरीले बोलू देऊन राहिली, तेवढं भेटलं मले.

तुही आई


वाडी, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

रोशनी,

काल तुह्या डोळ्यासमोर झालं ते पुन्हा काहून लिहून राहिली, असं तू म्हणशीन. पण तू पडद्याच्या बाहेर बसली होती. तुले माहं तोंड दिसलं, मले तुही फक्त बाही दिसत होती. माह्या बाजूचं तुले माहीत नाही.

दुपारी बारापासून मी जांभळी साडी नेसून बसली होती. समोर वही. संघपालनं फोन डब्याले टेकवून ठेवला. ओला, आल्बा, येथपर्यंत ठीक गेलं. मी तुही आजी, नागपूरची, हेही गेलं. तिनं मले तिचा पडलेला दात दाखवला. मग मले पुढचं काही सुचेना. पाच महिने शिकली, चौऱ्याहत्तर मार्क आहेत, आणि पोरीचे डोळे पाहून सगळं साफ झालं. डोक्यात एकच धडा राहिला, पाचवा. आणि तोच प्रश्न तू मले विचारू देला नव्हता.

मी तिले विचारलं नाही. तू ऐकलंच. माह्या ओठावर आस आलं होतं, ते मी गिळलं. म्हटलं, तिचा नाही, तर माहा सांगू. ए तेर्मिनादो मिस देबेरेस. मी माहा अभ्यास संपवला आहे. आणि वही उचलून फोनपुढं धरली.

आल्बाले ते पटेचना. आजीले देबेरेस? ती तोंडावर हात ठेवून हसाले लागली. आजीले शाळा, आजीची वही, लाल पेन, तिले थांबता येईना. मी पण हसून राहिली होती. माह्या मनाले काही लागलं नाही, खरंच सांगते. ती हसते तेव्हा अगदी तुह्या बाबासारखे डोळे मिटते.

तेव्हा तू मधेच बोलली. मराठीत नाही, तिच्या भाषेत, आणि हळू. तुले वाटलं आईपर्यंत पोचणार नाही, पोचलं तरी समजणार नाही. तू म्हणाली, नो ते रियास. मि माद्रे आ आप्रेन्दिदो सोला.

मी तसंच तोंड ठेवलं. काहीच समजलं नाही असं. फोन ठेवेपर्यंत हात हलवत राहिली. संघपालनं विचारलं, आत्या, ताई काय म्हणाली? म्हटलं, पोरीले काहीतरी दटावलं.

तो गेल्यावर वही उघडली. नो ते रियास म्हणजे हसू नको, ते तुह्या आवाजावरूनच समजलं होतं. आ म्हणजे ती. आप्रेन्दिदो धड्यात आहे, शिकली. मि माद्रे मले पहिल्याच हप्त्यात येत होतं. माही आई. सहा वर्षांत तू मले कोणत्याच भाषेत आई म्हटलं नव्हतं. मग सोला. मले येणारं सोला म्हणजे हिंदीतले सोळा. आता सोळा काय शिकली मी? धडे मोजले तर अकरा भरतात. रात्रभर काही जुळलं नाही.

आज क्लासात वेदिकाले विचारलं. ती म्हणे, काकू, सोला म्हणजे एकटीनं. मग तिनं पूर्ण वाक्य विचारलं. मी सांगतलं, तर तिनं फळ्याकडं पाठ फिरवून माह्याकडं पाहिलं आणि म्हणे, हे कोण बोललं? मी म्हटलं, माही पोरगी बोलली. डॉक्टर रोशनी गोंडाणे. पूर्ण वर्गाले ऐकू जाईन असं म्हटलं. आवाज मोठा आहे माहा.

मग बाहेर येऊन बसस्टॉपवर बसली आणि रडली. लोक पाहून राहिले होते. पाहू दे. दोन बसा सोडल्या.

तू मले अजून माफ केलं नसन. ते तुहं तू पाहा, मी त्यात बोट घालत नाही. पण जे बोलली ते मले समजलं, रोशनी. शब्द न् शब्द समजला. माह्याबद्दल चांगलं बोलायचं असलं तर आता तुले तिसरी भाषा शोधा लागन.

तुही आई